दहा फुटांत सहा मीटर

संपादकांनी यंदाचा विषय ‘उजेड’ असा कळवला आणि सोबत अटही घातली: पणती नको, रूपक नको, कुणाच्या आयुष्यातला अंधार दूर झाल्याची गोष्ट तर मुळीच नको. उजेडाचं प्रत्यक्ष काम जिथे चालतं तिथे जाऊन बघा आणि लिहा. मी धारणी निवडली.

कारण सोपं आहे. पुण्या-नागपुरात डोळे तपासायला गेलं की हनुवटी टेकवायची, आत दिसणारं चित्र बघायचं आणि यंत्रातून नंबराची चिठ्ठी बाहेर येते. उजेडाचं काय झालं हे कळतच नाही. धारणीत हे काम अजून बरंचसं हातानं चालतं. सुट्या काचा, आरसे, बॅटरीवर चालणारे छोटे दिवे. काच उजेडाला कशी वळवते ते तिथे उघड्यावर दिसतं.

अमरावतीहून परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. मेळघाटातला हा रस्ता अंतरानं जेवढा आहे त्याहून लांब वाटतो. धारणीच्या बाजारात कान दिला तर कोरकू, हिंदी, वऱ्हाडी आणि गवळ्यांची बोली एकाच तराजूभोवती ऐकू येते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संताळी, मुंडारी या तिच्या बहिणी दूर पूर्वेकडे झारखंड-ओडिशात, आणि ही एकटी सातपुड्यात. डोळे तपासणाऱ्याला हे माहीत असावं लागतं. का ते पुढे येईलच.

दुकानातला आरसा

बाजाराच्या गल्लीतलं चश्म्याचं दुकान दहा फूट खोल आहे. डोळ्यांच्या तक्त्यासाठी अंतर लागतं सहा मीटर, म्हणजे वीस फूट. दुकानदाराकडे त्याच्या निम्मंच आहे. म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, वरच्या अंगाला तक्ता टांगलाय आणि समोरच्या भिंतीवर आरसा. तक्त्यापासून आरशापर्यंत दहा फूट, आरशापासून डोळ्यापर्यंत दहा फूट. उजेड वीस फूट चालून येतो आणि डोळ्याला तेवढंच कळतं. वाटेत तो वळला होता हे त्याच्या गावी नसतं.

सहा मीटरच का? डोळ्यावर येणारे किरण समांतर असले तर शिथिल डोळ्याचा खरा नंबर कळतो. तारा किंवा डोंगर यांच्याकडून येणारे किरण समांतर असतात, पण डोंगरावर अक्षरं कोण लिहिणार? सहा मीटरवरून येणारे किरण अगदी समांतर नसले, तरी फरक एका डायॉप्टरच्या सहाव्या भागाएवढाच पडतो. नंबर पाव-पावच्या पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे तेवढा चालवून घेतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या हर्मान स्नेलेननं १८६२ मध्ये हा तक्ता आखला. ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं, आणि ६/६० चं त्याच्या दहापट. सहा मीटरवरून ते पावणेनऊ मिलिमीटर डोळ्याशी पाच कलांचा कोन करतात, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग. निरोगी नजरेची सीमा याच्या आसपास धरलेली आहे.

धारणीतल्या तक्त्यावर अक्षरंच नाहीत. इंग्रजी ‘ई’चा आकार वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवून छापलाय. त्याची उघडी बाजू कुठे ते बोटांनी दाखवायचं. शाळा न पाहिलेल्यालाही जमतं, कोरकूखेरीज दुसरं काही न बोलणाऱ्यालाही जमतं. इथे आरसा एक खोडी करतो: डाव्याचं उजवं. तपासणाऱ्यानंही आरशातच बघायला हवं, तक्त्याकडे थेट नाही. “नवा पोरगा ठेवला होता,” दुकानदार सांगत होता, “त्यानं सकाळपासून चार बुढ्यांची उत्तरं चूक धरली. बुढे बरोबर होते.”

त्याच्या हाताशी लाकडी पेटी असते. तिच्यात अधिक, उणे आणि सिलिंडरच्या काचा रांगेनं लावलेल्या, आणि कोपऱ्यात एक काळी पत्र्याची चकती, मधोमध मिलिमीटरभर भोक. ही मला सगळ्यात हुशार वस्तू वाटली, कारण तिच्यात काचच नाही. डोळ्याचा नंबर चुकीचा असला की एका बिंदूचा उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बिंदू न होता पसरट ठिपका होतो. भोक बाजूचे किरण अडवतं, मधले तेवढे आत सोडतं. ठिपका आवळतो आणि चित्र सुधारतं. पण दोष पडद्यात असेल, किंवा मोतीबिंदू पिकला असेल, तर भोकातूनही काही फरक पडत नाही. दुकानदाराच्या भाषेत: “भोकातून साफ दिसलं त गिऱ्हाईक माहं, नाही दिसलं त डॉक्टरचं.”

जुना चश्मा घेऊन कुणी आलं तर नंबर काढायची त्याची रीत बघण्यासारखी आहे. तो चश्मा हातभर लांब धरतो, त्यातून दाराच्या चौकटीकडे बघतो आणि हलवतो. चौकट चश्म्याच्या उलट दिशेला सरकली तर अधिकचा नंबर, सोबत सरकली तर उणेचा. मग पेटीतली विरुद्ध काच त्याला लावून चौकट स्थिर होईपर्यंत बदलत राहतो. ज्या काचेनं हालचाल थांबली तिचं चिन्ह उलटं केलं की झाला नंबर. यंत्र त्याच्याकडे आहे, पण वीज गेली की पुन्हा चौकट. अधिकच्या काचेची तपासणी तर उन्हातही होते: सूर्याचा ठिपका कागदावर अर्ध्या मीटरवर बारीक होत असेल तर काच अधिक दोनची. डायॉप्टर म्हणजे एवढंच, मीटरमधल्या अंतराचा व्यस्तांक. काचेवरचा प्रत्येक नंबर हे खरं तर एक अंतर असतं. हे वाक्य मी दुकानातच टिपून ठेवलं, कारण पुढे जे बघितलं ते सगळं त्याच्याभोवती फिरत राहिलं.

न विचारता कळणारा नंबर

बैरागडच्या रस्त्यावर आत एका गावात तपासणी शिबिर होतं. शाळेची एक खोली, खिडक्यांना सतरंज्या. तपासणारी मुलगी परतवाड्याकडची. कोरकू तिला कामापुरतं. आशाताई मध्ये दुभाषी. पण दुभाष्याची खरी अडचण शब्दांची नसते. “ही काच बरी की ती?” या प्रश्नाला म्हातारी माणसं समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. दोन्ही बऱ्या म्हणतात. पोरीनं एवढ्या लांबून येऊन दाखवलं, तर वाईट कसं म्हणायचं?

म्हणून मुलगी विचारतच नाही. तिच्या हातात रेटिनोस्कोप असतो. मुठीत मावणारा, सेलवर चालणारा. त्यातून उजेडाची एक उभी पट्टी बाहेर पडते आणि मागच्या बारीक भोकातून ती स्वतः बघते. पट्टी बाहुलीवर पडते, आत जाते, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटून लालसर होऊन परत येते. मुलगी मनगट हलवून पट्टी डावी-उजवी झुलवते. आतली लाल चमक पट्टीच्या सोबत सरकली तर अधिकची काच पुढे धरायची, विरुद्ध सरकली तर उणेची. बदलत बदलत एक काच अशी येते की चमक सरकतच नाही. सगळी बाहुली एकदम पेटते, एकदम विझते. नंबर सापडला. त्यातून दीड वजा करायचा, कारण ती स्वतः सहासष्ट सेंटिमीटरवर बसलेली असते आणि तेवढ्या अंतराचा हिशोब दीड डायॉप्टर होतो. हातभराचं अंतर तिला इतकं अंगवळणी पडलंय की फूटपट्टी लागत नाही.

समोरच्या आजीला फक्त दूर भिंतीकडे बघत राहायचं असतं. तीन-चार मिनिटांत दोन्ही डोळे. आजी एक शब्द बोलली नाही आणि नंबर पाव डायॉप्टरच्या फरकानं कागदावर आला.

हे तंत्र उभं आहे ते एका साध्या प्रश्नावर: बाहुली काळी का दिसते? आत पडदा लालसर आहे, उजेड जातोही आणि परतही येतो. पण तो ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं येतो, म्हणजे दिव्याकडे. आपण दिव्याच्या जागी डोळा न्यायला गेलो की आपलंच डोकं उजेड अडवतं. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये हा पेच सोडवला. दिवा बाजूला ठेवायचा आणि अर्धपारदर्शक काच तिरकी धरायची. थोडा उजेड तिच्यावर आपटून डोळ्यात जातो, आणि परत येणारा थोडा तिच्यातून आरपार आपल्याकडे येतो. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट बघता येऊ लागला तो या युक्तीनं.

मेळघाटातल्या माणसाला यातलं अर्धं गणित आधीच येतं. रात्री बॅटरी कमरेशी धरून जंगलाकडे मारली तर झाडंच दिसतात. तीच बॅटरी कानशिलाशी नेली की चितळांचे डोळे लुकलुकतात. उजेड दिव्याकडे परततो, म्हणून दिवा डोळ्याजवळच हवा. चितळ, बिबट, वाघ यांच्या पडद्यामागे चमकणारा एक थर असतो. पडद्यातून निसटलेला उजेड तो पुन्हा एकदा पडद्यावर फेकतो. अंधारात त्यांना त्याचा फायदा मिळतो, आपल्याला नुसती चमक दिसते. माणसाकडे हा थर नाही, म्हणून आपली चमक मंद आणि लाल.

जंगलाचा विषय निघालाच आहे तर दुर्बिणीबद्दलही थोडं. १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या या जंगलात बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसणाऱ्यांच्या गळ्यात ती असतेच. दोन भिंगांनी चित्र मोठं होतं, पण उलटंही होतं. ते सुलटं करायला आत काचेचे लोलक असतात, आणि गंमत अशी की त्यांना आरशासारखा पारा लावलेला नसतो. काचेतून बाहेर पडू पाहणारा किरण पृष्ठभागाला फार तिरका आला, साध्या काचेत एकेचाळीस-बेचाळीस अंशांच्या पलीकडे, तर तो बाहेर पडतच नाही. सगळाच्या सगळा आत परततो. पंचेचाळीस अंशांचा लोलक म्हणूनच आरशाला हरवतो. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोनं ही लोलकजोडी १८५४ मध्ये सुचवली. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं तेव्हा बेचाळीसला आठानं भागायचं: सव्वापाच मिलिमीटर जाडीची उजेडाची शलाका डोळ्याकडे येते. तरण्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हाताऱ्याची तेवढी उघडत नाही. मचाणावर आजोबांना महागडी ७×५० घेऊन देऊन फायदा नाही. जादा उजेड बाहुलीच्या काठावर सांडतो.

जाड काचांचा काळ

मेळघाटात पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना अजून आठवतात ते बाटलीच्या बुडासारखे चश्मे. मोतीबिंदू काढायचा म्हणजे डोळ्यातलं भिंगच काढायचं, आणि त्याची भरपाई बाहेर नाकावर करायची, अधिक दहाच्या काचेनं. शाळा-धर्मशाळांत भरणाऱ्या शिबिरांत लाखो भारतीयांना असे चश्मे मिळाले. उपकार मोठाच होता. पण त्या काचेनं उजेडाचं काय केलं ते बघितलं की माणसं चश्मा खुंटीला का टांगत ते समजतं.

भिंग डोळ्यापासून बोटभर पुढे गेलं की चित्र सुमारे पाव पटीनं मोठं होतं. म्हणजे भांडं जवळ भासतं आणि हात अलीकडेच थांबतो. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांची दोन मापं, जुळायला तयार नाहीत. त्याहून वाईट कडेला. कुठलंही भिंग मध्यापासून दूर गेलं की लोलकासारखं वागतं आणि उजेड वाकडा करतं. अधिक दहाच्या काचेत मध्यापासून दोन सेंटिमीटरवर बघितलं तर मीटरभर अंतरावरची वस्तू वीस सेंटिमीटर सरकलेली दिसते. आणि काचेच्या काठाभोवती एक आंधळं कडं तयार होतं. तिथलं काहीच दिसत नाही. मान वळवली की कडं वळतं, त्यात लपलेलं माणूस, बैल, फांदी एकदम समोर उगवते. सपाट रस्त्यावर हे सोसता येईल. नाल्याच्या दगडांवरून, चढ-उताराच्या पायवाटेनं मोह वेचायला जाणाऱ्या बाईनं काय करावं? चश्मा काढून ठेवून ती धूसर पण सरळ जग पत्करत असे. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

उत्तर होतं भिंग जिथून काढलं तिथेच दुसरं बसवण्यात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते पहिल्यांदा करून पाहिलं. लढाऊ विमानांच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते प्लॅस्टिक सोसतो, हे त्यांनी युद्धकाळात पाहिलं होतं. त्याच जातीच्या पर्स्पेक्सचं भिंग त्यांनी घडवून घेतलं. पहिल्या रुग्णाला मात्र मोठा उणे नंबर उरला. भिंग गरजेपेक्षा फार ताकदीचं निघालं होतं. डोळ्यात बसणारं भिंग त्या डोळ्याच्या लांबीला जुळवावं लागतं, हा धडा तिथून सुरू झाला. आपल्याकडे ही भिंगं सामान्यांपर्यंत यायला चार दशकं लागली. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ मध्ये ती देशात बनवायला घेऊन किंमत परदेशी भिंगाच्या अगदी थोड्या हिश्शावर आणली, आणि १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत, त्यांत महाराष्ट्र होता, मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम चालला. नाकावरचं भिंग हळूहळू डोळ्यात गेलं.

आता धारणीच्या माणसाला त्यासाठी घाट उतरायलाच हवा असं नाही. गावाजवळ उतावलीच्या कर्मग्राममध्ये डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेचं महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव तिथे डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करतात. बालमृत्यू आणि कुपोषणावरच्या कामामुळे संस्थेचं नाव बाहेर माहीत आहे. डोळ्यांचं काम त्यामानानं कमी लिहिलं जातं.

साडेतेवीस मिलिमीटर

मोतीबिंदूला ‘पडदा आला’ म्हणतात, पण तो पडदा नव्हे. भिंगातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि उजेड सगळीकडे विखुरतो. चिखलदऱ्याच्या धुक्यात गाडीचा दिवा लावला की समोर सगळं पांढरं होतं, रस्ता मात्र दिसत नाही, तसं. उजेड आत पोचतोच, चित्र पोचत नाही. म्हणूनच पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूवाल्याला डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बसवून वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून बॅटरी मारतात आणि उजेड कुठून आला ते बोटानं दाखवायला सांगतात. चारही बाजू बरोबर सांगितल्या तर मागचा पडदा बहुधा शाबूत आहे, ऑपरेशनला अर्थ आहे.

मग मोजमाप. डोळ्याची एकूण ताकद साठ डायॉप्टरच्या घरात, आणि त्यातले दोन-तृतीयांशहून जास्त पुढच्या पारदर्शक बुबुळाचे. पटत नसेल तर सिपना नदीच्या डोहात डोळे उघडून बघा, सगळं फिसकटलेलं दिसतं. पाणी आणि बुबुळ उजेडाला जवळपास सारखेच जड, त्यामुळे वळण उरतच नाही. बुबुळाचा बाक मोजायचं यंत्र, केरॅटोमीटर, बुबुळालाच बहिर्गोल आरसा मानतं. त्यावर दिव्याची खूण पाडतं आणि प्रतिबिंब किती लहान दिसतं ते मोजतं. बाक जास्त, प्रतिबिंब लहान. पण जिवंत डोळा स्थिर राहत नाही. हलत्या प्रतिबिंबावर पट्टी कशी धरायची? यंत्रातला लोलक प्रतिबिंबाची दोन रूपं करतो. डोळा हलला तरी दोन्ही सोबतच हलतात. त्यांच्या कडा एकमेकींना टेकवल्या की माप मिळतं. एवढी देखणी चलाखी फार थोड्या यंत्रांत असेल.

लांबी मोजायला शहरात उजेडाचंच यंत्र वापरतात; परतणाऱ्या किरणांच्या लाटा जुळवून ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जातं. मात्र मोतीबिंदू फार दाट असला की उजेड जातो तिथेच विखुरतो आणि यंत्र हात टेकतं. दूरच्या पाड्यांवरून माणसं येतात ती बहुधा दिसणं पार बंद झाल्यावरच, त्यामुळे नेमकी हीच माणसं त्या यंत्राच्या बाहेर राहतात. तिथे आवाज कामाला येतो: सोनोग्राफीच्या जातीचा बारीक प्रोब बुबुळाला अलगद टेकवून प्रतिध्वनी ऐकायचा. प्रोब जरा जास्त दाबला तर बुबुळ चेपतं, लांबी कमी येते आणि भिंग चुकतं. एका मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास अडीच डायॉप्टर.

वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं सूत्र कागदावर मांडता येतं. भिंगाच्या जातीचा आकडा, समजा ११८.४. त्यातून लांबीची अडीच पट वजा, आणि बुबुळाच्या ताकदीच्या नऊ-दशांश वजा. साडेतेवीस मिलिमीटरचा डोळा आणि साडेत्रेचाळीस डायॉप्टरचं बुबुळ असेल तर उत्तर साडेवीस. आता नवी सूत्रं आली आहेत, तरी मूळ हिशोब हाच. सहा मिलिमीटर व्यासाचं ते भिंग बुबुळाच्या कडेला घेतलेल्या तिरक्या बोगद्यातून आत सरकवतात. बोगदा आतल्या दाबानं आपोआप मिटतो, टाका बहुधा लागत नाही. वरच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा डॉक्टरांच्या नजरेच्या रेषेत असतो, म्हणजे मागच्या पडद्याची तीच लाल चमक परत येते आणि तिच्यासमोर भिंगाचा नाजूक पापुद्रा उठून दिसतो.

कुणाचं अंतर?

हे साडेवीस कशासाठी? लांबचं स्वच्छ दिसण्यासाठी. सूत्राचं उत्तर दूरच्या नजरेला धरून येतं, तक्त्याच्या सहा मीटरला आणि त्याच्या पलीकडे. आणि हे भिंग नैसर्गिक भिंगासारखं फुगत-दबत नाही. लांबचं दिसलं की जवळचं नाही. चाळिशीचा चश्मा लागणारच. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि महिन्याभरात तक्रार येते: सुई ओवता येत नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत. शिबिरातल्या मुलीनं सांगितलं की हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं, आणि जवळचा चश्मा हातात पडेपर्यंत कुणाला पटत नाही.

तो चश्मा सगळ्यात स्वस्त. अधिक दीड ते अधिक तीनच्या तयार काचा कुठल्याही बाजारात मिळतात. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चश्मे देऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला, चश्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत पानं खुडण्याच्या कामात २१.७ टक्क्यांची वाढ दिसली. तेंदूपत्ता, कोदो-कुटकी निवडणं, बांबूच्या कामट्या काढणं, शिलाई: मेळघाटातलं कितीतरी काम हाताच्या अंतरावरचंच आहे. तरी शिबिराच्या अहवालात आकडा असतो मोतीबिंदूंचा.

माझं म्हणणं असं, की भिंग ठरवण्याआधी माणसाला विचारावं. “ही काच बरी की ती” हे नको. दिवसभर काय करता, ते विचारावं. गुरं राखणाऱ्याला टेकडीवरची गाय दिसायला हवी; त्याला साडेवीसचंच बसवा. पण जिचा दिवस चूल, सूप आणि नातवंडांभोवती जातो, जी एकटी बाजारालाही जात नाही, जिच्या घरात जवळचा चश्मा चार महिन्यांत फुटेल आणि दुसरा कुणी आणणार नाही, तिचं काय? नेत्रतज्ज्ञांना हा पर्याय ठाऊक आहे: मुद्दाम उणे दोन नंबर राखायचा. मग चश्म्याशिवाय अर्ध्या मीटरवरचं स्वच्छ दिसतं आणि लांबचं थोडं धूसर. त्यासाठी साडेवीसच्या जागी साडेतेवीसच्या आसपासचं भिंग घालावं लागतं. किंमत तीच, जखम तीच. लांबचं हवं असलं तर उणे दोनचा पातळ चश्मा, तोही कामापुरता.

शिबिरातल्या त्या आजीला मी आशाताईंमार्फत विचारलं, बरं झाल्यावर पहिल्यांदा काय बघायचंय. मला वाटलं होतं नातू म्हणेल, नाहीतर डोंगर. आशाताईंनी तिचं लांबलचक उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते म्हणते, धान्यात खडे राह्यतात म्हणून सून रोज बोलते. ते बंद झालं पाह्यजे.”